मुरूम, साखर आणि संप्रेरके : चॉकलेटच्या एका वडीने तीस वर्षे अडवलेला प्रश्न

१/
१९६९ साली अमेरिकेत ६५ जणांना चार आठवडे रोज चॉकलेटची वडी खाऊ घालण्यात आली. त्यांच्या चेहऱ्यावरील मुरूम मोजले गेले, निष्कर्ष एका मातब्बर वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि ‘खाण्यापिण्याचा मुरुमांशी संबंध नाही’ हे वाक्य पुढील तीन दशके पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून बसले. त्या ६५ जणांपैकी ३५ जण तुरुंगातील कैदी होते. आहार, संप्रेरके आणि त्वचा यांच्या नात्याचा इतिहास समजून घ्यायचा, तर या वडीपर्यंत यावे लागते आणि तिच्या पलीकडेही जावे लागते.

२/
आरंभ बराच जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘क्षुद्ररोग’ या प्रकरणात ‘मुखदूषिका’ नावाचा विकार येतो. तरुणांच्या मुखावर शाल्मलीच्या, म्हणजे काटेसावरीच्या काट्यांसारख्या पुळ्या उठतात आणि त्यांच्या मुळाशी कफ, वात व रक्त असतात, असे तेथे सांगितले आहे. काटेसावरीचे खोड ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला या उपमेतील निरीक्षण किती नेमके आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

३/
या वर्णनात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, विकार वयाशी जोडला आहे. दुसरी, त्याचे मूळ त्वचेच्या आत, शरीराच्या एकूण व्यवहारात शोधले आहे. पुढे शार्ङ्गधराने तारुण्यातील या पुळ्यांसाठी लोध्र, धने आणि वेखंड यांचा लेप सांगितला. मराठीतील ‘तारुण्यपीटिका’ हा शब्द याच परंपरेतून आलेला आहे. ‘मुरूम’ हा घरगुती शब्द रोगाचे रूप सांगतो, तर ‘तारुण्यपीटिका’ त्याचा काळ सांगते.

४/
गंमत अशी की ग्रीक परंपराही याच ठिकाणी पोहोचली. सहाव्या शतकात आमिदा येथील वैद्य एटियस याच्या ग्रंथात ‘अॅक्ने’ हा शब्द आढळतो. ‘आक्मे’ म्हणजे शिखर, बहराचा काळ, ऐन तारुण्य. नकलाकाराच्या हातून त्याचेच ‘अॅक्ने’ झाले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर आज जगभर वापरला जाणारा वैद्यकीय शब्द हा एका लेखनिकाच्या चुकीचा वारसा आहे. अर्थ मात्र तोच राहिला : तारुण्याचा विकार.

५/
तारुण्याशी संबंध आहे हे सर्वांना दिसत होते. तो का आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ज्ञानाची ही पोकळी नीतिउपदेशाने भरून काढली गेली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट विलन आणि त्याचा शिष्य थॉमस बेटमन यांनी त्वचारोगांचे शिस्तबद्ध वर्गीकरण केले, मुरुमांचे प्रकार पाडले, त्यांची रंगीत चित्रे छापली. परंतु त्याच शतकातील कित्येक डॉक्टर तरुणांच्या मुरुमांचे खापर त्यांच्या ‘वाईट सवयीं’वर फोडत होते. चेहऱ्यावरची पुळी म्हणजे जणू चारित्र्याचा दाखला. मुरुमांमुळे येणारी लाज ही निव्वळ सौंदर्याची बाब कधीच नव्हती. तिच्यात हा आरोपही मिसळलेला होता.

६/
खरे उत्तर एका अनपेक्षित जागी उगवत होते. १८४९ साली गोटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्थोल्ड याने सहा कोवळ्या कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषण काढून टाकलेल्या कोंबड्यांचा तुरा वाढेना, ते आरवेनात, भांडेनात. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा रोपला, ते मात्र अस्सल कोंबड्यासारखे वाढले. रोपलेल्या वृषणाच्या जुन्या मज्जातंतूंचा संबंध तुटलेला होता. याचा अर्थ, जो काही निरोप जात होता तो रक्तावाटे जात होता.

७/
कोंबड्याचा तुरा म्हणजे अखेर त्वचेचाच एक भाग. संप्रेरकांच्या इतिहासातील हा पहिला मोठा प्रयोग त्वचेकडे पाहून वाचला गेला होता, हे विसरता येत नाही. त्वचा ही आतल्या निरोपांची पाटी आहे, हे बेर्थोल्डच्या कोंबड्यांनी दाखवून दिले होते. पण त्याच्या चार पानांच्या आसपासच्या निबंधाकडे पुढे अर्धशतकभर फारसे कोणी वळून पाहिले नाही.

८/
१६ जानेवारी १९०२. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका वेटोळ्याचे सारे मज्जातंतू तोडले आणि त्यात आम्ल सोडले. तरीही स्वादुपिंडातून पाचकरस वाहू लागला. आतड्यातून रक्तात काहीतरी उतरत होते व तेच स्वादुपिंडाला जागे करत होते. त्या द्रव्याला ‘सिक्रेटिन’ हे नाव मिळाले. १९०५ च्या जूनमध्ये स्टार्लिंगने लंडनमधील व्याख्यानात अशा सर्व द्रव्यांसाठी ‘हॉर्मोन’ हा शब्द वापरला.

९/
ग्रीकमध्ये त्या शब्दाचा अर्थ ‘चेतवणे, प्रवृत्त करणे’ असा होतो. मराठीत रुळलेला ‘संप्रेरक’ हा प्रतिशब्द तोच अर्थ अचूक पकडतो. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या नावाने ओळखले गेलेले पहिलेच द्रव्य पचनाशी निगडित होते. आहार आणि संप्रेरके यांचे नाते आजच्या जाहिरातींनी शोधलेले नाही. या विद्येचा जन्मच जेवणाच्या ताटाजवळ झाला आहे.

१०/
१९२१ हे वर्ष या कथेत दोनदा येते. त्या वर्षी टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिनवरचे निर्णायक प्रयोग केले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये आशार आणि तिएर या दोन डॉक्टरांनी एक चमत्कारिक वाटणारे निरीक्षण मांडले : दाढी-मिशा येणाऱ्या काही स्त्रियांना मधुमेहही असतो. पुरुषी लक्षणे आणि साखरेचा विकार एकाच देहात का यावेत? दोन्ही धागे एकाच वर्षी हाती आले. त्यांची गाठ बसायला साठ वर्षे लागली.

११/
१९३५ साली शिकागोतील अर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. मासिक पाळी बंद अथवा अनियमित, अंडाशय मोठे आणि गाठींनी भरलेले, काहींच्या अंगावर दाट केस. अंडाशयाचा पाचरीसारखा तुकडा काढल्यावर पाळी पुन्हा सुरू झाली. आज ज्याला ‘पीसीओएस’ म्हणतात, त्याची ही पायाभूत नोंद. हट्टी मुरूम हे त्या विकाराचे एक परिचित लक्षण आहे. पण त्या काळी डॉक्टरांचे सारे लक्ष अंडाशयावर होते, ताटावर नव्हते.

१२/
त्याच १९३५ साली टेस्टोस्टेरॉन शुद्ध रूपात वेगळे करण्यात आले आणि प्रयोगशाळेत तयारही होऊ लागले. १९४१ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने मुरुमांचा प्रश्न निर्णायकपणे पुढे नेला. ज्या पुरुषांचे वृषण कार्यरत नव्हते, त्यांना मुरूम येत नव्हते. टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ते येऊ लागले. पुरुषी संप्रेरक हा मुरुमांचा प्रमुख घटक आहे, हे त्याने मांडले.

१३/
त्यामागची यंत्रणा आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. केसाच्या मुळाशी तैलग्रंथी असते. पुरुषी संप्रेरकांच्या इशाऱ्यावर ती अधिक तेल स्रवते. ही संप्रेरके स्त्रियांच्या देहातही असतात, केवळ प्रमाण कमी असते. जास्तीचे तेल आणि छिद्राच्या तोंडाशी चिकटून राहणाऱ्या मृत पेशी यांचे बूच बसते, आत जिवाणू वाढतात, दाह होतो. ‘वाईट सवयीं’चा आरोप येथे शास्त्रीयदृष्ट्या निकाली निघाला. तारुण्यात संप्रेरके वाढतात, म्हणून मुरूम येतात. त्यात कोणाचा गुन्हा नाही.

१४/
मग आहाराचे काय? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्वचारोगतज्ज्ञ रुग्णाला सर्रास पथ्य सांगत : साखर नको, तळलेले नको, चॉकलेट तर नकोच. या पथ्याला अनुभवाचा आधार होता, प्रयोगाचा नव्हता. शिवाय त्यातही जुन्या नीतिउपदेशाचा वास होता. जिभेवर ताबा नसलेल्या पोराला चेहऱ्यावर शिक्षा मिळते, असा. अशा वेळी कोणी ही समजूत तपासून पाहणे हे स्वागतार्हच होते. तपासणी कशी झाली, हा मात्र वेगळा प्रश्न.

१५/
१९६९ चा तो प्रयोग फुल्टन, प्लेविग आणि क्लिगमन या तिघांचा. एका गटाला नेहमीच्या दहापट चॉकलेट असलेली वडी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण चॉकलेटविरहित वडी, नंतर अदलाबदल. मुरुमांत फरक दिसला नाही. त्रुटी अशी की दोन्ही वड्यांत साखर आणि स्निग्धांश जवळजवळ सारखेच होते. म्हणजे तपासला गेला तो फक्त कोको. साखरेची बाजू दोन्ही पारड्यांत समान ठेवून, साखर निर्दोष आहे असा अर्थ पुढच्यांनी काढला. या संशोधनाला आर्थिक साहाय्य होते अमेरिकेतील चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेचे.

१६/
१९७१ साली आणखी एक छोटा प्रयोग झाला. २७ विद्यार्थ्यांना आठवडाभर चॉकलेट, दूध, शेंगदाणे किंवा कोला यांपैकी काहीतरी देण्यात आले आणि फरक पडत नाही असे जाहीर झाले. एका मुरुमाला त्वचेखाली तयार होऊन वर यायला कित्येक आठवडे लागू शकतात. त्याचा निवाडा सात दिवसांत झाला. या दोन निबंधांच्या बळावर ‘आहार आणि मुरूम’ हा विषय मिटला, असे मानले गेले. पुढे ज्या आईने मुलीला गोड कमी खा म्हटले, तिला डॉक्टरांनी अडाणी ठरवले.

१७/
अल्बर्ट क्लिगमन याच्या कामाची दुसरी बाजू अधिक काळी आहे. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात त्याच्या देखरेखीखाली कैद्यांवर त्वचेचे प्रयोग झाले. त्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती आणि अनेकांवर खटला चालायचा बाकी होता. काही डॉलरांच्या मोबदल्यात त्यांच्या पाठीवर सौंदर्यप्रसाधने, औषधे, इतकेच नव्हे तर डायॉक्सिनसारखे विषही लावण्यात आले. डायॉक्सिनमुळे होणाऱ्या विकारात मुरुमांसारख्याच गाठी उठतात. आपल्याला नेमके काय लावले जात आहे, हे कित्येकांना कधीच कळले नाही.

१८/
याच संशोधकाच्या नावावर ट्रेटिनॉइन या औषधाचे श्रेयही आहे. १९७१ पासून अमेरिकेत मान्यता पावलेले हे मलम आजही असंख्य तरुणांचे चेहरे सावरते. एकाच हाताने दिलेला दिलासा आणि केलेला अन्याय, दोन्हींची नोंद इतिहासाला ठेवावी लागते. १९९८ साली अॅलन हॉर्नब्लम याच्या पुस्तकाने हे सारे प्रकरण उजेडात आणले. फिलाडेल्फिया शहराने औपचारिक माफी मागितली ती २०२२ च्या ऑक्टोबरात. तोवर प्रयोगांना कैद झालेले बरेच जण हयात नव्हते; क्लिगमनही २०१० सालीच वारला होता.

१९/
प्रश्न पुन्हा उघडला तो त्वचेच्या दारातून नव्हे, मधुमेहाच्या दारातून. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास रक्तातील अत्यल्प इन्सुलिन मोजण्याची पद्धत सिद्ध केली. यालो यांना १९७७ चे नोबेल मिळाले. जे मोजता येते तेच पडताळता येते. १९८० साली बर्गेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की पीसीओएस असलेल्या स्त्रियांत इन्सुलिनची पातळी आणि पुरुषी संप्रेरकांची पातळी एकमेकींसोबत चढते. आशार व तिएर यांच्या १९२१ च्या कोड्याला अखेर उत्तर मिळाले.

२०/
साखळी अशी आहे. पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की शरीर अधिक इन्सुलिन तयार करते. हे वाढीव इन्सुलिन अंडाशयाला अधिक पुरुषी संप्रेरके बनवायला लावते. त्याच वेळी यकृतात तयार होणारे, या संप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन कमी होते. त्यामुळे मोकळी संप्रेरके वाढतात आणि तैलग्रंथींना गाठतात. ‘आयजीएफ-१’ हे इन्सुलिनचे भावंड म्हणावे असे संप्रेरकही तैलग्रंथींना चेतवते. ते ज्यांच्या शरीरात जन्मतःच तयार होत नाही, अशा लॅरॉन विकाराच्या रुग्णांत मुरूम विरळाच आढळतात.

२१/
दुसरे साधन १९८१ साली टोरांटोतच मिळाले. डेव्हिड जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी ६२ पदार्थ तपासून कोणता पदार्थ रक्तातील साखर किती वेगाने वाढवतो याची क्रमवारी लावली. तोच ‘ग्लायसेमिक इंडेक्स’. या यादीत कडधान्यांचे स्थान अगदी खाली, म्हणजे उत्तम होते. मराठी घरातील मटकीची उसळ, हरभरा, वरण यांना प्रयोगशाळेने दिलेली ही पावतीच म्हणायची. ‘गोड’ आणि ‘साखर चढवणारे’ हे समानार्थी शब्द नाहीत, हेही यातून उमगले. पांढरा पाव गोड लागत नाही, तरी साखर झपाट्याने चढवतो.

२२/
२००२ साली लॉरेन कॉर्डेन आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटावरील १२०० रहिवासी आणि पॅराग्वेतील आचे जमातीचे ११५ लोक तपासले; मुरुमांचा एकही चालू रुग्ण आढळला नाही. किटावाचे लोक कंदमुळे, फळे, मासे, नारळ खात. कारखान्यातील अन्न जवळजवळ नाहीच. आक्षेप रास्त होता : हा आनुवंशिकतेचा परिणाम नसेल कशावरून? पण १९७१ साली ऑटो शेफर याने कॅनडाच्या इन्यूइट लोकांविषयी लिहून ठेवले होते की शहरी अन्न आले तसे मुरूमही आले. तेथे वंश तोच होता. बदलले होते जगणे.

२३/
२००५ मध्ये ४७,३५५ अमेरिकी परिचारिकांच्या आठवणींवर आधारलेल्या अभ्यासात किशोरवयातील दुधाचा, विशेषतः साय काढलेल्या दुधाचा मुरुमांशी संबंध दिसला. अर्थात आठवणी फसव्या असतात. २००७ मध्ये मेलबर्न येथे १५ ते २५ वयाच्या ४३ तरुणांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. साखर हळू चढवणारा आहार घेणाऱ्यांचे मुरूम दुसऱ्या गटाहून अधिक कमी झाले आणि इन्सुलिनची स्थितीही सुधारली. त्यांचे वजनही घटले होते, म्हणून श्रेय नेमके कशाला द्यावे हा प्रश्न उरला. तरी १९६९ चा निकाल अंतिम नव्हता, एवढे सिद्ध झाले.

२४/
ताणाचेही तसेच. २००३ साली स्टॅनफर्डमध्ये २२ विद्यार्थ्यांचे मुरूम परीक्षेच्या काळात आणि एरवी मोजले गेले. ताण जितका वाढला, तितके मुरूम बळावले. परीक्षेच्या आदल्या रात्री आरशात दिसणारी नवी पुळी हा निव्वळ भास नसतो.

२५/
आजची स्थिती मोजक्या शब्दांत अशी. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेने साखर झपाट्याने चढवणाऱ्या आहाराशी मुरुमांचा संबंध असू शकतो हे मान्य केले. मात्र ठरावीक पथ्य सर्वांना सांगण्याइतका पुरावा नाही, असेही म्हटले. पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत समतोल आहार, व्यायाम व झोप यांना स्थान आहे, पण कोणताही एक विशिष्ट आहार श्रेष्ठ ठरवलेला नाही. मुरुमांसोबत पाळी अनियमित असेल किंवा चेहऱ्यावर दाट केस येत असतील, तर तपासणी डॉक्टरांकडेच व्हायला हवी.

२६/
या इतिहासात चूक दोन्ही टोकांना झाली. आधी मुरूम हे अविचारी खाण्याचे आणि वागण्याचे फळ ठरवले गेले. मग अपुऱ्या प्रयोगावरून अन्नाला पूर्ण निर्दोष सोडले गेले. आज ‘एकवीस दिवसांत संप्रेरकांचा समतोल’ विकणारी बाजारपेठ पुन्हा पहिल्या टोकाकडे निघाली आहे आणि तिचे गिऱ्हाईक बहुधा सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली आहेत. कोणी पथ्याची यादी हाती ठेवली, तर तीन प्रश्न विचारावेत : प्रयोग कोणावर झाला, किती काळ चालला आणि पैसे कोणाचे होते? १९६९ साली हे प्रश्न मोठ्याने विचारले गेले असते, तर तीस वर्षे वाचली असती.

(धागा समाप्त)